झाडूगाडी

सहाव्या किलोमीटरनंतर माझ्यामागे फक्त ब्राइस होता
आणि त्याची पांढरी व्हॅन, टपावर खराटा उभा बांधलेला.
आमच्या गॅलिसियात शर्यतीच्या शेपटाला ही गाडी असते,
दमलेल्यांना केरासारखं गोळा करत येते.
दोघं आधीच आत बसले होते, संत्री सोलत.
वास थेट माझ्या नाकाशी.

मी सबेला. एक्कावन्न पूर्ण.
तीस वर्षं शिंपल्यांच्या कारखान्यात पट्ट्याशी उभी आहे,
उभं राहण्यात माझा हात कुणी धरणार नाही.
पळण्याचं म्हणाल, तर डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं होतं,
एकदा चालताना गारा आल्या, छत्री घरी.
बस, एवढंच.

एका डब्यात चौदा शिंपले बसतात,
सात खाली, सात वर.
पावलंही मी तशीच मोजते :
चौदा झाली की झाकण.
चौदा, झाकण.
चौदा,
आणि अकराव्या किलोमीटरला हिशेब फिसकटला,
कारण रस्ता वळला आणि वारा तोंडावर आला,
दातांत मीठ, डोळ्यांत मीठ,
आणि डावीकडे समुद्र असा आपटत होता
जणू त्याला ताशी पगार आहे.

खाली खडकांवर कमरेला दोर बांधून तिघं जण
पेर्सेबेस खरवडत होते.
लाट उठली तसा त्यांतला एक वर धावला,
माझ्यापेक्षा किती तरी जोरात.
त्याच्या छातीवर नंबर नव्हता.

ब्राइसनं काच खाली केली.
"आई म्हणाली, चढ आला की सबेलाला आत घे."
त्याची आई दोरिंदा, पट्ट्यावर माझ्या समोरची.
"आईला सांग, स्वतःचे डबे बघ."
मग चढ आला.
चढाबद्दल मी काही सांगणार नाही.

सतराव्याला मागची घरघर थांबली.
वळून पाहिलं : व्हॅन तिरकी, बॉनेट उघडं,
ब्राइस वाफेत उभा, डोकं खाजवत,
आणि ते दोघं कठड्यावर बसून उरलेली संत्री संपवत.
मी परत जायला हवं होतं का?
गेले असते तर पुन्हा निघालेच नसते.

त्यानंतर माझ्यामागे कुणीच नाही.
त्या घरघरीची सवय झाली होती,
ते तेव्हा कळलं.

पुढे पोलीस शंकू उचलत होते, एकात एक घालत.
रस्त्यावर रविवार परत आला :
गवताचा ट्रॅक्टर, पाव घेऊन निघालेली बाई,
एक म्हातारा म्हणाला, "शर्यत केव्हाच संपली की!"
"माझी नाही," म्हणायला श्वास नव्हता,
म्हणून हात हलवला.
त्याला वाटलं, नमस्कार केला. त्यानं टोपी काढली.

पाण्याचं टेबल घडी घालून भिंतीला टेकलेलं.
तिथल्या मुलीनं स्वतःची अर्धी बाटली पुढे केली,
"मी तोंड लावलंय हं."
मी गटागटा प्यायले.

धक्क्यावर पोचले तेव्हा कमानीतली हवा काढत होते,
लाल कमान, गुडघ्यांत वाकलेली, माझ्यासारखीच.
कुणीतरी ओरडलं, "अरे, एक आहे अजून!"
चार पोरांनी दोन्ही बाजूंनी ती हातांवर उचलून धरली,
मधला भाग तरीही लोंबत होता,
म्हणून एकवीस किलोमीटर मी पळत आले
आणि शेवटचा मीटर
वाकून, रबराचा ओला स्पर्श डोक्यावर घेत.

पाऊण तासानं ब्राइस आला, पायी,
खराटा खांद्यावर.
वहीवाल्या बाईनं चष्मा सावरला
आणि माझ्या नावाखाली त्याचं नाव लिहिलं.

सोमवारी सहाची पाळी.
जिना मी उलटी उतरले, कठडा धरून.
पट्टा सुरू झाला, हात आपोआप सुरू झाले,
आणि पहिल्याच डब्यात मी पंधरा भरले.
दोरिंदानं पाहिलं.
एक शिंपला काढून घेतला, इकडेतिकडे बघितलं
आणि माझ्या तोंडात घातला.